काळ्या तारा मधोमध

सिकंदराबादजवळ तारनाक्याला आमच्या घरी नवखा पाहुणा आला की पहिल्या तासाभरात तो एकदा तरी दचकायचा. घरामागे थोड्या अंतरावर रेल्वेचे डबे जोडण्याचं काम चाले, आणि एक डबा दुसऱ्यावर आदळला की आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणत. आम्हाला त्याचा पत्ताही नसे. आई तर म्हणायची, हा दणका बंद झाला तर मला झोप लागायची नाही. घराच्या पुढच्या अंगाला तेलुगू शेजाऱ्यांची ओळ होती. नवरात्राच्या सुमाराला रोज संध्याकाळी तिथल्या अंगणात बतुकम्मा मांडली जाई. फुलांचा उंच ढीग रचायचा आणि त्याभोवती बायकांनी टाळ्या वाजवत, गाणी म्हणत फिरायचं. आई मूळची परभणीची. लग्न होऊन आली तेव्हा ती म्हणे खिडकीआडून बघत असे, आणि मला कळू लागलं तोवर त्या फेऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच झाला होता. आमचं सगळ्यांचंच तसं झालेलं होतं. वरणात चिंच, ताटात गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं आणि तोंडात 'हौ' नि 'नक्को'. पुण्याचे नातेवाईक आले की आमचं मराठी ऐकून हसत, आणि जाताना लोणच्याच्या दोन बरण्या भरून नेत.

नाना, म्हणजे माझे वडील, मराठी शाळेचे मुख्याध्यापक. आजोबांची नोकरी निजामाच्या महसूल खात्यातली, त्यामुळे घरात उर्दूचा राबता होता. नाना गणित मराठीत शिकवत, रागवत उर्दूत आणि दूधवाल्याला दुधातलं पाणी दाखवत तेलुगूत. गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. दोन घरांत भिंतीवरून वाजलं तरी माणसं नानांकडे येत, आणि नाना जे सांगत ते दोन्हीकडचे मान खाली घालून ऐकत. मला त्याचा फार अभिमान होता. वडील मोठे असणं आणि वडील खरे असणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढं वाक्य लिहून मी आत्ता थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं. नाना गेले त्याला पाचवं वर्ष लागलं, मी स्वतः साठीला टेकले, तरी त्यांच्याबद्दल असं काही लिहिताना ते मागे उभे राहून वाचताहेत असं वाटतं. वाचू देत.

बी.एस्सी. होऊन त्या वर्षी मी घरीच होते. नानांच्या टेबलावर बी.एड.चा अर्ज भरून ठेवलेला होता, त्यावर माझी सही तेवढी राहिली होती. मास्तरांच्या मुलीने मास्तरीण व्हावं यात कुणाला काही विचारण्यासारखं वाटत नव्हतं. मला मात्र कॉलेजच्या शेवटच्या वर्षी निराळंच वेड लागलं होतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वसुंधरा मॅडमनी एकदा आम्हा काही मुलींना कॉम्प्युटर उघडून दाखवला. बाकीच्या मुली पडद्यावरची अक्षरं बघत होत्या, मी आतली हिरवी पाटी बघत राहिले. दसऱ्यानंतर कॉलेजात कॉम्प्युटरची खोली सुरू होणार होती आणि तिथे मॅडमना हाताखाली एक मुलगी हवी होती. जी लागेल तिला वर्षभर त्या यंत्रांबरोबर राहायला मिळणार, आणि वर्ष संपल्यावर मॅडम तिला हार्डवेअरच्या डिप्लोम्याला स्वतः शिफारस करून पाठवणार. अशा दोघी मुली त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि पहिली संधी त्यांनी मला दिली. दसऱ्याची सुट्टी लागायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक खोकं ठेवलं. त्यात पत्र्याचं रिकामं कॅबिनेट होतं, सुटे भाग होते, आणि मऊ कागदात गुंडाळलेला कोरा मदरबोर्ड होता, त्यांच्या भावाने परदेशातून आणलेला. तसा दुसरा मिळणार नव्हता. सुट्टीत हे जोड आणि चालतं करून आण, एवढंच त्या म्हणाल्या. नानांनीही शब्द दिला, की हे जमलं तर बी.एड.चा अर्ज मी माझ्या हाताने फाडीन. रिक्षात ते खोकं मी पायाशी ठेवलं नाही, मांडीवर घेऊन घरी आले.

काही स्क्रू आणि एक चपटी वायर कमी पडत होती, म्हणून मी आबिड्सला पोस्टामागच्या गल्लीत हमीदभाईंकडे गेले. हमीदभाई मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे, पण नवं यंत्र बाजारात आलं की त्यांचे हात शिवशिवत, तसे ते कॉम्प्युटरकडेही वळले होते. मी काय जोडते आहे ते त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि वायर कागदात गुंडाळता गुंडाळता एक गोष्ट सांगितली. कॅबिनेटमधल्या वीजपेटीतून मदरबोर्डला वीज द्यायला दोन प्लग निघतात. दोन्ही दिसायला सारखे, शेजारी शेजारी बसणारे. त्यांची अदलाबदल झाली तरी ते बिनतक्रार बसतात, आणि तिथेच घात होतो.

"देखो बेटी," हमीदभाई म्हणाले, "दोनों की काली तारां बीच में आना. काले के बाजू में काला. भूले तो बोर्ड गया समझो."

सप्तमीला दुपारी ते यंत्र पहिल्यांदा सुरू झालं. आतून बारीक शिट्टीसारखा एकच आवाज आला, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या हातांसकट आईला ओढून आणलं. शाळेला सुट्टी असल्याने नाना घरीच होते. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, मला शिकव. नानांची ही गोष्ट मला फार आवडे. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यापुढे ते सरळ विद्यार्थी होऊन बसत. मी वीज बंद केली, झाकण काढलं आणि आयुष्यातला पहिला तास माझ्या मुख्याध्यापक वडिलांना घेतला. ही मोठी हिरवी पाटी, हाच मदरबोर्ड. ही स्वतः गणितं करत नाही आणि लक्षातही काही ठेवत नाही, ही सगळ्यांना एकमेकांशी बोलू देते. मधली काळी चौकोनी चिप गणितं करते. या उभ्या पट्ट्या म्हणजे स्मरणशक्ती. चिपेला एखादा आकडा हवा झाला की ती पाटीवरच्या या तांब्याच्या बारीक रेघांवरून मागते, आणि पट्टी तशाच रेघांवरून तो पाठवते. रेघा बघायला नानांनी भिंग आणलं आणि एका रेघेवरून बोट फिरवत ते थेट दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग मी त्यांना लांब खाचा दाखवल्या. जी सोय पाटीवर नाही तिचं कार्ड या खाचेत उभं खोचायचं. एका कार्डाचं तोंड कॅबिनेटच्या मागून बाहेर डोकावतं, त्याला पडद्याची वायर लागते. दुसऱ्या कार्डावरून आत फ्लॉपीला चपटी वायर जाते, आणि त्याच्याच पाठीवर प्रिंटर जोडायची जागा असते. कीबोर्ड मात्र मागच्या गोल भोकातून थेट पाटीलाच. म्हणजे तुम्ही बाहेर एक कळ दाबली की ते आत पाटीवर येतं, तिथून चिपेकडे, चिपेकडून खाचेतल्या कार्डाकडे, आणि कार्डाकडून बाहेर पडद्यावर तुमचं अक्षर. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, सगळं हिच्या अंगावरून जातं. नाना म्हणाले, म्हणजे ही आपल्या घरातली तुझी आई झाली. आई दारातूनच म्हणाली, मग मला कुणी असं भिंग लावून बघत कसं नाही. आम्ही तिघंही हसलो. त्या दुपारइतके आम्ही तिघं एकत्र नंतर कधी हसल्याचं मला आठवत नाही.

शेवटी नानांनी गणिताच्या मास्तरांचा प्रश्न विचारला. एखादी वायर चुकीच्या जागी लागली तर? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की प्रत्येकाचं तोंड वेगळं असतं, चपट्या वायरीला ओळखायला लाल कड असते, गोल ते गोलातच जातं, चुकीच्या जागी काही बसतच नाही. हमीदभाईंचे ते दोन प्लग तेव्हा वायरींच्या जुडग्याखाली झाकलेले होते आणि माझ्या डोक्यात आलेच नाहीत. ही चूक माझी, आणि ती मी आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात माझी एवढीच चूक आहे.

अष्टमीला दुपारी स्मरणशक्तीची एक पट्टी जरा तिरकी बसल्यासारखी वाटली, म्हणून मी पुन्हा सगळं उघडलं. हात नीट जावा म्हणून ते दोन प्लगही काढले, पट्टी बसवली, प्लग लावले. सुरू करून बघणार तेवढ्यात गल्लीतली वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही, आणि मग पाहुणे आले. तेव्हा ते बघायचं राहिलं. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण याच तपशिलाने मला पुढे कितीतरी दिवस स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होत असे, आणि हत्यार म्हणजे ज्यावर घर चालतं ते सगळं. आईची विळी, शिवणाचं मशीन, नानांची स्कूटर, कंपासपेटी, शाळेची घंटासुद्धा त्या दिवशी घरी येई. नानांची पूजेची रीत मात्र साऱ्या गल्लीत निराळी होती. वरून कुंकवाचं बोट लावून मोकळं होणं त्यांना मान्य नसे. झाकणाला कुंकू लावणं म्हणजे टोपीला नमस्कार करणं, असं ते म्हणत. म्हणून शिवणाच्या मशीनचं डोकं उघडून तेल घातलं जाई, स्कूटरचा प्लग काढून घासून परत बसवला जाई, आणि मग आतल्या भागाला कुंकू-अक्षता. पूजा झाली की हत्याराला दसऱ्यापर्यंत विश्रांती, त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी सकाळी आईने मला पुरणपोळ्यांचा डबा देऊन सिकंदराबादला आत्याकडे पाठवलं. आत्याने जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुपारी परत आले तेव्हा देवापुढच्या पाटावर शिवणाच्या मशीनशेजारी माझा कॉम्प्युटरही मांडलेला होता, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचं फूल. नव्या यंत्राला नानांनी या वेळी वरूनच हात जोडले असतील, असं मी धरून चालले. मला भरून आलं. माझं यंत्र घराने आपलं म्हटलं, असं वाटलं. नानांनी विचारलं, कशी दिसते पूजा. मी म्हटलं, छान.

दसऱ्याच्या सकाळी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन शेजारीपाजारी आले. आमच्याकडे आपट्याऐवजी जम्मीचंच सोनं असे. नाना सगळ्यांना माझं यंत्र दाखवायला बाहेरच्या खोलीत घेऊन आले. आठ-दहा माणसं तरी असतील. नाना तेलुगूत सांगत होते, की हे आमच्या सुनंदाने सगळं स्वतः जोडलं आहे, आणि आवाजात अशी काही ऐट होती की मला लाजायला झालं. मग ते म्हणाले, सुनंदा, लाव. मी बटण दाबलं. आतून चटकन एक आवाज आला, जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला आणि मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर गेली. पडदा काळाच राहिला. कुणीतरी 'अय्यो' म्हणालं. मी वायर भिंतीतून ओढून काढली, झाकण उघडलं, जुडगं बाजूला केलं. दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा दोन टोकांना होत्या. मधोमध नव्हत्या. मी ते मोठ्याने बोलले. नानांनी विचारलं, म्हणजे काय. म्हणजे प्लग उलटे लागलेत, मी म्हटलं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शेजाऱ्यांना हात जोडून म्हणाले, दुपारी पुरणपोळीला यावं. माणसं गेल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच म्हटलं, परवा तू फार घाईत होतीस, नाही? वीजही गेलेली होती. आणि मला वाटलं, खरंच की. अष्टमीला मी प्लग काढले होते. परत लावताना काळ्या तारा बघितल्या होत्या का? बघितल्या असतील असं वाटत होतं, पण शपथेवर सांगता येईना. त्या एका सौम्य वाक्याने माझा स्वतःवरचा विश्वास गेला. आज मागे वळून बघताना मला त्या वाक्याची जितकी चीड येते तितकी पुढच्या खोट्याचीही येत नाही. खोटं त्यांनी दुसऱ्याला सांगितलं. इथे त्यांनी माझ्या हातांनाच माझ्याविरुद्ध साक्षीला उभं केलं.

दोन दिवसांनी नाना स्वतः मला वसुंधरा मॅडमच्या घरी घेऊन गेले. मुलीची चूक बापाने बरोबर जाऊन सांगावी, अशी त्यांची रीत. मॅडमनी खोकं उघडलं, बोर्डाच्या कडेचा काळा डाग बघितला आणि बोर्ड परत मऊ कागदात गुंडाळून ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. मग त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला. तू मला सांगितलंस की सप्तमीला हे चाललं होतं, मग मध्ये आणखी कुणी हे उघडलं का? मी उत्तर द्यायच्या आत नाना बोलले.

"जी नहीं, मॅडम. घर में और किसीने हाथ नहीं लगाया. यही खोलती थी."

मॅडमनी मान डोलावली. एका मुख्याध्यापकाच्या शब्दापुढे त्या आणखी काय विचारणार. कॉम्प्युटरच्या खोलीत दुसरी मुलगी गेली. चांगली होती ती, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. जळका बोर्ड मॅडमनी मलाच देऊन टाकला, आता आमच्या कामाचा नाही म्हणून. घरी आल्यावर नानांनी टेबलावरचा अर्ज पुढे केला, पेनाचं टोपण स्वतः काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. त्या आठवड्यात नाना माझ्याशी इतके प्रेमाने वागले की काही विचारू नका. शाळेतून येताना उस्मानिया बिस्किटं आणत, जेवताना आपल्या ताटातली साय माझ्या ताटात घालत. मला वाटे, बघा, केवढं मोठं मन. मी त्यांचं नाव गल्लीसमोर घालवलं आणि हे मला साय वाढताहेत.

बी.एड. सुरू होण्याआधी मी एकदा तो बोर्ड घेऊन हमीदभाईंकडे गेले. काही जीव उरला असला तर बघावं, एवढीच आशा. हमीदभाईंनी तो दिव्याखाली धरला, उलटासुलटा केला, आणि जिथे ते दोन प्लग बसतात त्या जागी सुईने टोकरू लागले. सुईच्या टोकाला लाल भुकटी आली. त्यांनी ती बोटांत चोळली आणि माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी बोर्ड टेबलावर हलकेच आपटला. स्मरणशक्तीच्या पट्टीखालून तांदळाचा एक दाणा निसटून पडला, कुंकवाने लाल झालेला.

"ये किस की पूजा करे बेटी?" त्यांनी विचारलं.

कुंकू प्लगच्या खाली होतं. म्हणजे कुंकू लागलं तेव्हा प्लग काढलेले होते, आणि नंतर कुणीतरी ते लावले. वरवरचं कुंकू नानांनी पुसून घेतलं असणार, मला आवडणार नाही म्हणून. माणूस टापटिपीचा. पण खाचांतलं राहिलं. मी खंडेनवमीला सिकंदराबादला आत्याच्या घरी जेवत होते. हमीदभाईंनी चहा मागवला होता, तो मी घेतला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, माझ्या हातून काही झालं नव्हतं. पण झालं उलटंच. बोर्ड जळला तेव्हा मला रडू आलं होतं, आता तेही येईना. पूजा करताना अजाणता झालेली चूक मी हसत सोडून दिली असती. मीच त्यांना सांगितलं होतं ना, चुकीच्या जागी काही बसत नाही म्हणून. पण दसऱ्याला मी 'प्लग उलटे लागलेत' म्हटलं, त्या क्षणी त्यांना कळलं होतं. कळून त्यांनी चष्मा पुसला होता. कळून ते मॅडमपुढे बोलले होते, आणि कळूनच त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

घरी आले तेव्हा आई ओसरीवर गोंगुऱ्याची पानं खुडत बसली होती. मी तिच्यासमोर तो लाल दाणा ठेवला. खंडेनवमीला नानांनी कॉम्प्युटर उघडला होता का, असं विचारलं. आई पानं खुडत राहिली. तिने नाही म्हटलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पूजेच्या वेळी निरांजन धरून तीच शेजारी उभी होती.

"ते सांगतील म्हणून मी वाट पाहिली गं," ती म्हणाली. "मग मॅडमकडं जाऊन आलात, अन् उशीर झाला. सारी गल्ली त्यांच्या शब्दावर चालते. त्यांचं नाव गेलं असतं तर पुन्हा नसतं आलं. तू लेकरू आहेस. लेकराचं लोक विसरतात."

मी विचारलं, आणि लेकरू? ते विसरतं का? आपलेच दात, आपलेच ओठ, असं काहीसं पुटपुटून आई आत गेली. त्या दिवसापासून मला बतुकम्माच्या फेरीतला तिचा आवाज सहन होईना, मी खिडकी लावून घेत असे. आईला मी पुढे माफ केलं. तिला तिची बाजू मांडता तरी आली होती, आणि ती मला आवडली नसली तरी कळली होती. नानांना मी काही विचारलं नाही. मी विचारलं असतं तर त्यांनी कदाचित सांगितलं असतं, पण ते मला विचारून काढून घ्यायचं नव्हतं. ते त्यांनी आपणहून द्यायला हवं होतं. मी ठरवून टाकलं होतं, की ज्या दिवशी नाना म्हणतील 'सुनंदा, ते माझ्या हातून झालं', त्या दिवशी मी म्हणेन 'असू द्या नाना', आणि विषय संपेल. तेवढे तीन शब्द मी तयार ठेवले.

मी मास्तरीण झाले. वाईट झाले नाही. गणित शिकवलं, पुढे शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा तेही शिकवले, आणि यंत्र बिघडलं की कंपनीचा माणूस यायच्या आत मीच झाकण उघडत असे. तोवर त्या दोन प्लगांच्या जागी एकच मोठा प्लग आला होता, जो उलटा बसतच नाही. कुणातरी शहाण्या माणसाने ती सोय केली. पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा मला हसू आलं, आणि मग वर्गाकडे पाठ करून थोडा वेळ उभं राहावं लागलं. माझं लग्न झालं, केतकी झाली, आई गेली. शेवटची काही वर्षं नाना आमच्याकडेच होते. त्यांचं जेवणखाण, औषधं, न्हाणं, सगळं मी केलं, आणि मनापासून केलं. जिथे ते शब्द तयार ठेवले होते तेवढा एक कोपरा सोडून.

एका रविवारी दुपारी केतकी जेवणाच्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर उघडून बसली होती. नोकरीला लागली होती ती, आणि नवा मदरबोर्ड घालत होती. नव्वदीला आलेले नाना शेजारी खुर्चीत. तिने त्यांना दाखवलं, की आता पडद्याची, आवाजाची, इंटरनेटची सगळी सोय पाटीवरच असते, वेगळी कार्डं लागत नाहीत. नाना लक्ष देऊन ऐकत होते. मग ते म्हणाले, तुझ्या आईने एक जाळला होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. नाना सांगत होते. परदेशातून आलेला, एकुलता एक बोर्ड. ऐन दसऱ्याला, सगळ्या गल्लीसमोर. घाईघाईत उलटे प्लग लावले हिने. मी स्वतः हिला मॅडमकडे घेऊन गेलो, पोरीला एकटी कशी पाठवायची. "पण एका शब्दाने बोललो नाही हो मी हिला," नाना म्हणाले. "लेकराची चूक. पोटात घातली."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. खोटं बोलणारी मुलं मी पस्तीस वर्षं वर्गात पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांत काय असतं ते मला कळतं. नानांच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. त्यांना ते तसंच आठवत होतं. इतकी वर्षं मी माफी तयार ठेवून ज्या माणसाची वाट बघत होते, तो केव्हाच मला माफ करून निवांत झाला होता. माझ्या अंगात रागाची अशी लाट आली की हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं.

"नाही नाना," मी म्हटलं. "तो तुम्ही जाळलात. खंडेनवमीला तुम्ही पूजेसाठी प्लग काढलेत आणि उलटे लावलेत. आईने पाहिलं होतं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले, आणि मला वाटलं, आता. मग ती आठी हळूहळू विरली. त्यांनी केतकीचा हात आपल्या हातात घेतला आणि फार मायेने हसले.

"बघ," ते तिला म्हणाले, "अजून तिच्या मनाला लागून राहिलंय."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. "आई," ती म्हणाली, "त्यांनी कधीच माफ केलंय ना तुला. आता तूही सोड."